स्टडीला राहायला येताय? आधी एवढं ऐका

नवी मुंबईत औषधांच्या चाचण्या, म्हणजे स्टडी, करणाऱ्या एका सेंटरमध्ये मी नर्स आहे. आमच्याकडे मुख्यतः बायोइक्विव्हॅलन्सच्या स्टडी चालतात. म्हणजे मूळ औषध आणि दुसऱ्या कंपनीने बनवलेलं तेच जेनेरिक औषध रक्तात सारखंच उतरतं का, हे निरोगी माणसांवर पाहायचं. पहिल्यांदा येणाऱ्यांच्या मनात दोनच प्रश्न असतात, रक्त किती काढणार आणि पैसे कधी मिळणार. विचारायच्या गोष्टी त्याहून पुष्कळ आहेत.

सुरुवात संमतीपत्रापासून करा. ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळायला हवं. वाचता येत नसेल तर सेंटरशी संबंध नसलेला साक्षीदार शेजारी बसायला हवा. घाईने सही करू नका. औषध कशावरचं आहे, त्याचे त्रास कोणते, किती रात्री राहायचं, एकूण रक्त किती, मध्येच सोडलं तर मोबदला किती आणि त्रास होऊन डॉक्टरांनी बाहेर काढलं तर किती, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. त्यावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे भाग घेणाऱ्यांच्या हक्कांवर आणि सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, संपर्कही असतो. तो नंबर स्वतःच्या फोनमध्ये घालून ठेवा. औषध-चाचण्यांच्या 2019च्या सरकारी नियमांप्रमाणे स्टडीमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात आणि नुकसानभरपाईचाही हक्क असतो. सही केल्यावरसुद्धा कारण न देता कधीही बाहेर पडता येतं. सहीची एक प्रत मागून घ्या, ती तुमची आहे.

स्क्रीनिंगला, म्हणजे निवडीआधीच्या तपासणीला, रक्त, लघवी, ईसीजी, बहुतेक वेळा छातीचा एक्स-रे, एचआयव्ही आणि काविळीच्या तपासण्या होतात. बायकांची गरोदरपणाची तपासणीही होते. येण्याआधीचे दोन-तीन दिवस जिममध्ये जोर काढू नका, गोण्या उचलू नका. दमलेल्या स्नायूंमुळे रक्तातली काही एन्झाइम्स वाढतात आणि धडधाकट माणूस रिपोर्टवरून बाद होतो. दारू, तंबाखू, मिसरी, गुटखा किती दिवस आधी बंद करायचा ते सांगितलेलं असतं. चहा-कॉफी आणि चॉकलेटचंही तसंच. चेक-इनला श्वासाची आणि लघवीची तपासणी होते, सामानही तपासलं जातं. घरची कुठलीही गोळी बरोबर आणू नका. आठवडाभरात डोकेदुखीची एक गोळी जरी घेतली असेल तरी डॉक्टरांना सांगा, आयुर्वेदिक काढा घेतला असेल तर तोही.

चेक-इन संध्याकाळी होतं. रात्रीचं जेवण आटोपलं की निदान दहा तास पोट रिकामं ठेवायचं असतं. पाणी डोसच्या एक तास आधी बंद होतं. तोवर मात्र भरपूर प्या, म्हणजे सकाळी शीर पटकन सापडते. एसीत हात गार पडले की शिरा आक्रसतात, म्हणून पांघरूण हातांवरही ओढून झोपा.

सकाळी हातात कॅन्युला बसते. सुई टोचून आत फक्त मऊ नळी राहते, त्यामुळे दर वेळी नव्याने टोचावं लागत नाही. मग एक-दोन मिनिटांच्या अंतराने एकेकाला नंबराप्रमाणे गोळी देतात, बहुतेक वेळा 240 मिली पाण्याबरोबर. गोळी गिळल्यावर टॉर्च मारून जिभेखाली, गालाच्या आत पाहतात. पुष्कळांना हा अपमान वाटतो. तो अविश्वास नाही. गोळी पोटात गेली नाही तर पुढचं सगळं रक्त वाया जातं.

त्यानंतरचे चार तास अवघड असतात. खायचं नाही, तासभर पाणी नाही आणि आडवं पडायचं नाही, कारण आडवं पडल्याने औषध पोटातून पुढे सरकण्याचा वेग बदलतो. त्यातच सुरुवातीला सँपल भराभर घेतात, कधी दर पंधरा मिनिटांनी. तुमचा नंबर पुकारला की लगेच या. औषध रक्तात सर्वांत वर कधी पोचलं ते याच तासांत कळतं. जेनेरिकला मान्यता मिळण्यासाठी मूळ औषधाच्या तुलनेत त्याचं रक्तातलं प्रमाण 80 ते 125 टक्क्यांच्या पट्ट्यात बसावं लागतं. घड्याळ चुकलं तर तो हिशोब बिघडतो. उद्या बीपीची स्वस्त गोळी घेणाऱ्या कुणा म्हाताऱ्याचा भरवसा याच हिशोबावर असतो.

रक्त म्हणाल तर एका सँपलला साधारण चार-पाच मिली. पिरियड म्हणजे एक मुक्काम, एकात मूळ औषध, दुसऱ्यात जेनेरिक. एका पिरियडला वीसच्या आसपास सँपल धरली, तर दोन पिरियड मिळून दोनशे मिलीच्या घरात जातं. रक्तदानात एका वेळी 350 किंवा 450 मिली घेतात. तुमच्या स्टडीचा नेमका आकडा संमतीपत्रात पाहा.

काही स्टडीत गोळीआधी मुद्दाम तुपकट नाश्ता देतात, 800 ते 1000 कॅलरींचा. लोणी लावलेले टोस्ट, चीज, तळलेला बटाटा, साईचं दूध असं काहीतरी. अर्ध्या तासात ताट पूर्ण संपवावं लागतं. ते जमणार नसेल तर स्क्रीनिंगलाच सांगा.

आता माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं. त्रास लपवू नका. पैसे कापतील या भीतीने उलटी झाल्यावर गुपचूप तोंड धुऊन आलेली मुलं मी पाहिली आहेत. बाबांनो, चक्कर, खाज, धडधड, मळमळ, काहीही असो, नर्सला त्याच क्षणी सांगा. डॉक्टर तिथे त्यासाठीच असतात. लपवलेल्या उलटीने तुमचा जीव धोक्यात येतो, आणि औषधाचा तो दुष्परिणाम कागदावर येतच नाही. गंभीर त्रासाची खबर डॉक्टरांना 24 तासांच्या आत सरकारी यंत्रणेला द्यावी लागते, पण ती तुम्ही तोंड उघडल्यावरच ना! बीपीच्या औषधाच्या स्टडीत झटकन उठू नका आणि संडासला जाताना सोबत मागा. त्यात लाज कसली? कॅन्युलाची जागा लाल झाली, सुजली, तरी सांगा.

संध्याकाळनंतर सँपलमधलं अंतर वाढतं. सकाळी आठला डोस असेल तर एखादं मध्यरात्रीही असू शकतं. चार्जर, टॉवेल, एखादं पुस्तक आणा. फोन कधी वापरू देतात हे सेंटरवर अवलंबून आहे. घरच्यांना मात्र पत्ता आणि सेंटरचा नंबर देऊन या. आपण कुठे आहोत हे घरी न सांगता येणारे पुष्कळ असतात, मला त्यांची फार काळजी वाटते.

दुसऱ्या पिरियडच्या आधी औषध अंगातून निघून जाण्यासाठी मधले काही दिवस सोडतात, त्याला वॉशआउट म्हणतात. तेव्हा तुम्ही घरी असता, पण पथ्य सुटलेलं नसतं. ताप आला, दवाखान्यात गेलात, तर तिथल्या डॉक्टरांना संमतीपत्राची प्रत दाखवा आणि सेंटरलाही फोन करा.

शेवटच्या तपासणीचं रक्त दिल्याशिवाय जाऊ नका, रिपोर्ट मागून घ्या. पुढच्या स्टडीसाठी बहुतेक ठिकाणी 90 दिवस थांबावं लागतं. ‘दुसऱ्या नावाने घुसवतो’ म्हणणारा एजंट भेटेल. त्याला नाही म्हणा. दोन औषधं अंगात एकत्र आली आणि तुम्ही कोसळलात, तर आधी काय घेतलं होतं हे आम्हाला कळणारच नाही, आणि उपचार कुठून सुरू करायचे तेही.