सिंक फोल्डरने घातलेला घोळ

आमचं बार्शीत इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. गोदामातूनही बिलं करता यावीत म्हणून हिशेबाचा अख्खा डेटा फोल्डर मी क्लाउड ड्राइव्हच्या सिंक फोल्डरमध्ये टाकला, म्हणजे दोन्ही कॉम्प्युटरवर त्याची प्रत राहते आणि एकीकडचा बदल इंटरनेटवरून आपोआप दुसरीकडे जातो. झालं क्लाउड, असं वाटलं! पंधरा दिवस चाललंही.

मग 9 तारखेला 412 नंबरची दोन बिलं निघाली. एक काउंटरवर, एक गोदामात. फोल्डरमध्ये एकाच फाइलच्या दोन प्रती, आणि सॉफ्टवेअर डेटा उघडेना. 11 तारखेला जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरणपत्र, भरायचं! बाबा शांतपणे म्हणाले, "वही कधी करप्ट होत नाही."

चूक माझीच. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इकडची खराब फाइल तिकडेही जाते. जुनी आवृत्ती परत आणूनही भागलं नाही, कारण डेटाच्या अनेक फाइल्स एकमेकींत गुंतलेल्या असतात. एकच मागे नेली की बाकीच्यांशी जुळत नाही.

आधी सिंक बंद केलं. रविवारचा बॅकअप पेन ड्राइव्हवर होता, तो रिस्टोअर केला आणि तीन दिवसांची बिलं छापील प्रतींवरून पुन्हा चढवली. रात्रीचा दीड वाजला.

आता चालू डेटा काउंटरच्या पीसीवरच असतो. गोदामातला लॅपटॉप रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे लांबून त्याच पीसीचा स्क्रीन उघडून, त्यालाच जोडतो. शटर ओढायच्या आधी डेटाची तारखेच्या नावाची झिप (सगळ्या फाइल्सची एकत्र बांधलेली एक फाइल) क्लाउड ड्राइव्हवर जाते, आणि महिन्यातून एकदा ती लॅपटॉपवर उघडून बघतो. ड्राइव्हचं खातं भाच्याच्या मोबाइल नंबरवर होतं, तेही बदललं.