ऑनलाइन गेम अडकतोय? आधी दोष पीसीचा की नेटचा ते बघा

"गेम लॅग होतोय" एवढंच सांगितलं तर समोरच्याला काही कळत नाही, कारण लॅग म्हणून लोक दोन वेगळ्याच गोष्टी सांगत असतात. एक म्हणजे स्क्रीनच झटके खाते, माऊस फिरवला की चित्र अडखळत फिरतं, म्हणजे एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसतात तो आकडा) पडतोय. दुसरं म्हणजे चित्र एकदम स्मूथ, पण समोरचा प्लेयर इथून गायब होऊन तिथे उगवतो आणि आपली गोळी लागूनही लागत नाही. हा नेटचा प्रॉब्लेम. एकाचा इलाज दुसऱ्याला चालत नाही, तरी नेट खराब असताना ग्राफिक्स लो करत बसणारे खूप, आणि पीसी तापलेला असताना नेटचा प्लॅन वाढवून घेणारेही तेवढेच.

म्हणून गेमच्या सेटिंगमधून एफपीएस, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवलेला डेटा) हे आकडे कोपऱ्यात चालू करून ठेवा, फ्रेम टाइमचा (एका फ्रेमला लागलेल्या वेळेचा) ग्राफ मिळत असेल तर तोही. नुसत्या सरासरीवर जाऊ नका. ६० एफपीएसला एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदात येते, मध्येच एका फ्रेमने ८० मिलिसेकंद घेतले तर डोळ्याला मस्त झटका जाणवतो पण आकडा ५६ वगैरे दाखवून गप्प बसतो. झटका बसला त्या क्षणी यातलं काय हललं ते बघायचं.

एफपीएस हलत असेल तर रिझोल्यूशन एकदम खाली आणून बघा. एफपीएस चांगला वाढला तर ग्राफिक्स कार्डवर लोड येतोय, मग शॅडो आणि रे ट्रेसिंग (प्रकाशाचे खरे वाटणारे इफेक्ट) आधी कमी करा, टेक्स्चर मात्र व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डची मेमरी) भरत असेल तरच. काहीच वाढलं नाही तर अडचण बहुतेक सीपीयूची, आणि इथे टास्क मॅनेजर लोकांना फसवतो, कारण एकूण सीपीयू ३० टक्के दिसतो आणि आपण म्हणतो निवांत आहे की, पण गेमचं मेन काम बऱ्याचदा एकाच थ्रेडवर (एका वेळी एकाच कोरवर चालणारी कामांची ओळ) चालतं आणि तो एक कोर पूर्ण भरलेला असतो. ग्राफवर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे दाखवा म्हणजे कळेल.

सुरुवातीला छान चालतो आणि वीसेक मिनिटांनी घसरतो? तापमान. लॅपटॉपवाल्यांनी तर हेच पहिलं बघावं. एचडब्ल्यूइन्फो (तापमान वगैरे दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून एक मॅच खेळा, मग तापमान आणि क्लॉक (प्रोसेसरचा वेग) शेजारी शेजारी बघा, ९५ डिग्रीच्या आसपास जाऊन क्लॉक खाली येत असेल तर तो थ्रॉटल करतोय, म्हणजे तापू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतोय. धूळ काढा, लॅपटॉप मागून उचलून ठेवा, गादीवर ठेवून खेळू नका. हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. आणि चार्जर लावलेला असू द्या, बॅटरीवर लॅपटॉप पॉवर कमी करतो.

आता काही फुकटातल्या गोष्टी, हसू येईल पण तपासाच. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात आहे की मदरबोर्डात? कार्डातच हवी. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वर तर पडून नाही ना? रॅमची एकच स्टिक असेल तर ती सिंगल चॅनलला (डेटाच्या एकाच वाटेने) चालते, दोन स्टिक टाकल्या तर सीपीयूवर अडणाऱ्या गेमला बऱ्यापैकी फरक पडतो, आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण स्पीडला चालवायची सेटिंग, बंद असेल तर महागडी रॅमसुद्धा कमी स्पीडवर चालते. मागे ब्राउझर, रेकॉर्डिंग, तीन-तीन ओव्हरले (गेमवर तरंगणाऱ्या दुसऱ्या ॲपच्या पट्ट्या) चालू असतील तर बंद करा. ड्रायव्हर अपडेटनंतर पहिल्या एक-दोन मॅच अडखळल्या तर घाबरू नका, शेडर (चित्र रंगवायचे ग्राफिक्स कार्डचे छोटे प्रोग्राम) परत बनत असतात. ते गेम बूस्टर नावाचे सॉफ्टवेअर आणि रजिस्ट्री बदलायच्या ट्रिक्स, त्यांच्या नादी लागूच नका.

आता नेट. इथे स्पीड टेस्ट फारशी कामाची नाही, गेमला स्पीड थोडाच लागतो, पिंग एकसारखा राहणं महत्त्वाचं. कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप करून डिफॉल्ट गेटवेचा पत्ता घ्या, तोच तुमचा राउटर. आता दोन विंडो उघडा, एकीत पिंग (ping) लिहून राउटरचा पत्ता, दुसरीत तसंच बाहेरचा ८.८.८.८ (गूगलचा सर्व्हर), शेवटी डॅश टी (-t) लावा म्हणजे आपण थांबवेपर्यंत चालत राहतं. मग मॅच खेळा आणि झटका बसला की लगेच जाऊन बघा. राउटरच्या विंडोत १, २, १ मिलिसेकंद असं चाललेलं असताना मध्येच १४० किंवा रिक्वेस्ट टाइम्ड आउट दिसलं तर गडबड घरातच आहे, वायफायची. राउटरपासून पीसीपर्यंत नेटची केबल लावा, तो विषय संपतो. केबल शक्यच नसेल तर २.४ सोडून ५ गिगाहर्ट्झवर जा, भिंती कमी असतील तर.

राउटर शांत आणि बाहेरचाच आकडा उडतोय, तर घरात कोणी काही अपलोड करतंय का बघा, क्लाउड बॅकअप हा नेहमीचा चोर. अपलोड पूर्ण भरला की गेमचे छोटे पॅकेट राउटरच्या रांगेत अडकतात. राउटरमध्ये एसक्यूएम किंवा क्यूओएस (ही रांग सांभाळणाऱ्या सेटिंग) असेल तर चालू करा आणि लिमिट खऱ्या स्पीडच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवा. अपलोड बंद करूनही तसंच असेल तर प्रोव्हायडरकडे तक्रार करा, पण केबल लावून घेतलेल्या त्या दोन विंडोंचे वेळेसकट स्क्रीनशॉट जोडून, नाहीतर राउटर रिस्टार्ट करा एवढंच उत्तर येतं. दोन्ही विंडो स्वच्छ आणि गेममधलाच पिंग वर असेल तर आधी सर्व्हरचा रीजन बघा, गेमने तुम्हाला भलत्याच लांबच्या सर्व्हरवर टाकलेलं असू शकतं. रीजन बरोबर असेल तर त्यांच्याच सर्व्हरचा किंवा मधल्या रूटचा घोळ असणार, तेव्हा रँक्ड (ज्यात आपली रँक वर-खाली होते अशी) मॅच नको, थोडा वेळ थांबा.