सायलेंट हंटर 3 : करिअर मोडची पहिली गस्त

युबीसॉफ्टच्या बुखारेस्ट येथील स्टुडिओने तयार केलेला ‘सायलेंट हंटर 3’ हा पाणबुडीचा खेळ मार्च 2005 मध्ये बाजारात आला आणि आज त्याची चित्रे जुनाट दिसत असली तरी त्याचा करिअर मोड अजूनही आवर्जून खेळला जातो. त्याचे कारण सरळ आहे. या खेळात ठरीव मोहिमांची माळ नाही. दुसऱ्या महायुद्धातील अटलांटिक महासागर तारखेनुसार चालू असतो, त्यात जहाजे आपापल्या मार्गांनी ये-जा करत असतात आणि एका जर्मन यू-बोटीचा, म्हणजे पाणबुडीचा, कप्तान म्हणून खेळाडूला त्यांच्यात आपली वाट शोधावी लागते. नवखा खेळाडू मात्र बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन गस्तींतच कंटाळतो किंवा बुडतो, आणि दोन्हींचे मूळ एकच असते : या खेळातला हल्ला टॉर्पेडो सोडण्याच्या कितीतरी आधी जिंकला किंवा हरला जातो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. म्हणून पुढील मार्गदर्शनात टॉर्पेडो सुटेपर्यंतच्या गोष्टींवरच अधिक भर दिला आहे.

करिअर सुरू करण्यापूर्वी नौदल अकादमीच्या परीक्षा द्याव्यात. दिशादर्शन, तोफ, विमानविरोधी तोफ, टॉर्पेडो आणि काफिल्यावरील हल्ला असे त्यांचे पाच भाग आहेत. त्या उत्तीर्ण झाल्यास करिअरच्या आरंभीच काही ‘रिनाउन’, म्हणजे लौकिकाचे गुण, हाती पडतात आणि याच गुणांवर पुढे नवी उपकरणे, कुशल खलाशी व मोठी पाणबुडी मिळते. परंतु गुणांपेक्षाही टॉर्पेडोची परीक्षा महत्त्वाची आहे, कारण पेरिस्कोपमधून पाहणे, लक्ष्यावर नजर स्थिर करणे आणि नळीचे तोंड उघडून टॉर्पेडो सोडणे या क्रियांचा हाताला सराव तिथेच होतो. विमानविरोधी तोफेची परीक्षा घाईत उरकली तरी चालेल.

त्यानंतर वर्ष आणि फ्लोटिला, म्हणजे पाणबुड्यांचा ताफा, निवडायची असते. वर्ष 1939 हेच घ्यावे. 1943 पासून आरंभ केल्यास पाणबुडी अधिक चांगली मिळते खरी, पण त्या वर्षी समुद्रावर रडार असलेली विमाने घिरट्या घालत असतात आणि विनाशिकांवरील, म्हणजे पाणबुड्यांची शिकार करणाऱ्या युद्धनौकांवरील, माणसेही अनुभवी झालेली असतात. तिथे नवख्याचा निभाव लागत नाही. 1939 मधील विनाशिका तुलनेने अडाणी असतात आणि बरीच व्यापारी जहाजे सोबतीशिवाय एकटी फिरतात. फ्लोटिलांपैकी जर्मनीतील कील येथील सातवी निवडावी, कारण तिथे सात-बी जातीची पाणबुडी हाती येते. पहिल्या फ्लोटिलातील दोन-ए ही छोटी पाणबुडी दिसायला गोजिरवाणी असली, तरी तिच्यात फक्त पाच टॉर्पेडो मावतात आणि तिची मजल उत्तर समुद्रापुरतीच असते. सात-बीमध्ये चौदा टॉर्पेडो असतात, पुढे चार व मागे एक अशा पाच नळ्या असतात, डेकवर 88 मिलिमीटरची तोफ असते आणि 10 नॉटच्या (तासाला 10 सागरी मैल) वेगाने ती सुमारे 8,700 सागरी मैल जाऊ शकते.

वास्तवतेचे पर्याय ठरवताना अहंकार आड येऊ देऊ नये. सर्व पर्याय चालू केले की वास्तवतेची टक्केवारी शंभर होते आणि तिच्या प्रमाणात रिनाउनही अधिक मिळते, हे खरे. पण पहिल्या गस्तीसाठी लक्ष्यवेधाचे गणित खेळावर सोपवावे आणि नकाशावर जहाजांच्या खुणा दिसू द्याव्यात. मर्यादित इंधन, मर्यादित बॅटरी, मर्यादित हवा आणि निकामी निघू शकणारे टॉर्पेडो हे चार पर्याय मात्र पहिल्या दिवसापासून चालू ठेवावेत. ही बंधने काढून टाकली की कप्तानाला निर्णय घेण्याचे कारणच उरत नाही, आणि मग जे उरते ते जत्रेतल्या नेमबाजीचे एक संथ दुकान असते.

बंदरातून बाहेर

गस्तीचा आदेश दोन अक्षरे आणि दोन अंक अशा स्वरूपात येतो, उदाहरणार्थ एएम 52. जर्मन नौदलाने साऱ्या समुद्राची चौकोनांत विभागणी केली होती, त्यांतील हा एक चौकोन. त्या चौकोनात पोहोचून तिथे 24 तास राहिले की आदेश पूर्ण होतो आणि त्याचे गुण मिळतात. पुढे इंधन व टॉर्पेडो असेपर्यंत कुठेही शिकार करण्याची मोकळीक असते. नवखे खेळाडू दिलेला चौकोन म्हणजेच आपली मोहीम असे समजून रिकाम्या पाण्यात दिवसच्या दिवस घालवतात; तसे करू नये.

नकाशावर मार्ग आखताना ब्रिटनच्या दक्षिणेकडून, इंग्लिश खाडीतून, जवळची वाट काढण्याचा मोह टाळावा. ऑक्टोबर 1939 मध्ये डोव्हरच्या परिसरात तीन पाणबुड्या गमावल्यावर जर्मन नौदलानेही तो मार्ग सोडून दिला होता. स्कॉटलंडला उत्तरेकडून वळसा घालावा आणि आयर्लंडच्या पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला उतरावे. ब्रिटनकडे जाणाऱ्या जहाजांच्या वाटा तिथेच एकत्र येतात. वेग 9 ते 10 नॉटच्या आसपास ठेवावा. पूर्ण वेगाने गेल्यास इंधन इतक्या झपाट्याने संपते की परतीचा प्रवास हीच मोहीम होऊन बसते.

हा प्रवास अर्थातच काळाचा वेग वाढवून करायचा. मोकळ्या समुद्रात 512 पट किंवा 1024 पट वेग चालतो आणि शत्रू दृष्टीस पडताच खेळ तो आपोआप कमी करतो, पण किनाऱ्याजवळ या सोयीवर विसंबू नये. विमान दिसल्यापासून पाण्याखाली जाईपर्यंत जेमतेम अर्धा मिनिट हाताशी असतो, म्हणून किनाऱ्यालगत वेग बराच खाली आणावा. खेळ जतन करण्याचीही एक रीत आहे : पाणबुडी पृष्ठभागावर असताना आणि आसपास एकही जहाज नसतानाच जतन करावे. पाण्याखाली किंवा काफिल्याशेजारी जतन केलेला खेळ पुन्हा उघडताना बिघडतो, ही या खेळाची जुनी खोड आहे.

ऐकणे आणि ओळखणे

डोळ्यांना जहाज दिसण्याच्या बरेच आधी ते हायड्रोफोनवर, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, ऐकू येते, परंतु त्यासाठी पाण्याखाली जावे लागते. शिकारीच्या भागात पोहोचल्यावर दर काही तासांनी 20 ते 25 मीटर खोल जावे, वेग कमी करावा आणि हायड्रोफोनची चकती स्वतः पूर्ण फिरवून ऐकावे. व्यापारी जहाजाच्या पंख्याचा ठोका सावकाश व जड असतो, युद्धनौकेचा जलद आणि बारीक. हवा वाईट असताना तर हाच एक आधार असतो, कारण उत्तर अटलांटिकमधील धुके व वादळ या खेळात कित्येक दिवस हटत नाही. पाण्याखाली सतत राहणे मात्र परवडत नाही. 4 नॉटच्या वेगाने सात-बीची बॅटरी सुमारे 90 मैलांत संपते. खरे तर ही पाणबुडी म्हणजे वेळप्रसंगी बुडी मारू शकणारी एक पृष्ठनौका आहे, आणि तिला तसेच वागवावे.

जहाज सापडले की प्रथम त्याचा ध्वज पाहावा. 1939 मध्ये नॉर्वे, डेन्मार्क, हॉलंड, बेल्जियम आणि अमेरिका तटस्थ आहेत, आणि तटस्थ जहाज बुडवल्यास गुण वजा होतात. नकाशावर खुणा दिसण्याचा पर्याय चालू असेल तर तटस्थ जहाज हिरव्या रंगात दिसते. ब्रिटनने युद्ध पुकारले ते 3 सप्टेंबर 1939 रोजी. म्हणून अगदी आरंभीच्या दिवसांत ब्रिटिश जहाज दिसले तरी आधी तारीख पाहावी. पुढे एप्रिल व मे 1940 मध्ये ही यादी भराभर बदलते, तेव्हा रेडिओवरील संदेश न वाचता पुढे जाऊ नये.

एकटे आणि निःशस्त्र जहाज असेल, समुद्र शांत असेल, तर टॉर्पेडो वाचवून डेकवरील तोफेने पाण्याच्या रेषेवर मारा करावा. (ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या डेकवर आणि स्वयंपाकघरांत त्या काळी कोकणातले व गोव्याचे खलाशी मोठ्या संख्येने असत, पडद्यावर टनांचा आकडा वाढताना मराठी वाचकाच्या मनात हे राहिले तर बिघडत नाही.) वारा जोराचा असेल तर तोफेवर माणसेच चढत नाहीत, आणि काही जहाजांवर उलट मारा करणारी तोफ असते, एवढे लक्षात ठेवावे.

हल्ला

समजा सात किलोमीटरवर एक मालवाहू जहाज डावीकडून उजवीकडे जाताना दिसले आहे. त्याच्या मागे धावू नये. नकाशावर त्याच्या जागेची खूण करावी, खेळातील घड्याळ सुरू करावे आणि 3 मिनिटे 15 सेकंदांनी दुसरी खूण करावी. या दोन खुणांमधील अंतर जितके शेकडा मीटर, तितके नॉट त्या जहाजाचा वेग असतो. अंतर 700 मीटर भरले तर वेग 7 नॉट. दोन्ही खुणांतून जाणारी रेघ पुढे वाढवली की जहाजाचा मार्गही मिळतो. आता त्याच्या दृष्टिपथाबाहेर राहून पृष्ठभागावरून वळसा घालत त्याच्या पुढे जावे, मार्गापासून सुमारे 800 मीटरवर बुडी मारावी आणि पाणबुडीचे नाक त्या मार्गाशी काटकोनात ठेवून जवळजवळ स्थिर थांबावे. या एका वळशालाच कधी कधी खेळातले चार-पाच तास लागतात, आणि तेच योग्य आहे.

जहाज कासवगतीने आपल्या समोर येत असते तेव्हा पेरिस्कोप सतत वर ठेवू नये. काही सेकंद वर काढून पुन्हा खाली घ्यावा. टी-2 हा विजेवर चालणारा टॉर्पेडो 30 नॉटने जातो आणि बुडबुड्यांची रेघ सोडत नाही. टी-1 त्याहून वेगवान असला तरी त्याची पांढरी रेघ दिवसा जहाजावरील पहारेकऱ्याला दिसते आणि जहाज वळते. म्हणून दिवसा टी-2 वापरावा. 800 मीटर कापायला त्याला सुमारे 52 सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात 7 नॉटचे जहाज सुमारे 187 मीटर पुढे सरकते. याचा अर्थ जहाज नाकासमोर येण्याच्या 13 अंश आधी टॉर्पेडो सुटला पाहिजे. जहाज डावीकडून येत असल्याने पेरिस्कोप 347 अंशांवर (360 उणे 13) ठेवावा आणि जहाजाचा मध्यभाग त्या रेषेवर येताच टॉर्पेडो सोडावा. लक्ष्यवेधाचे गणित स्वतः करणाऱ्याने पेरिस्कोप 347 वर असतानाच वेग 7 आणि जहाजाच्या नाकाचा कोन, म्हणजे त्याच्या नाकाच्या दिशेपासून आपल्यापर्यंतचा कोन, उजव्या बाजूने 77 अंश भरावा. टॉर्पेडो सुटल्यावर किती अंश वळेल हे दाखवणाऱ्या गायरो दर्शकाचा काटा शून्याजवळ आला तर सर्व बरोबर आहे. या पद्धतीची खरी खुबी अशी की टॉर्पेडो सरळ रेषेत जात असल्याने अंतर मोजण्यात थोडी चूक झाली तरी फारसे बिघडत नाही. लक्ष्यवेध खेळावर सोपवला असला तरीही उभे राहण्याची जागा हीच ठेवावी. त्या पर्यायातही तिरप्या कोनातून मारलेला टॉर्पेडो जहाजाच्या बाजूवरून घसरून निकामी होतो. तसेच 300 मीटरांहून जवळून मारू नये, कारण तोवर टॉर्पेडोचा स्फोटक भाग सज्ज झालेला नसतो.

टॉर्पेडोचा स्फोट घडवणारा चाप दोन प्रकारचा असतो : जहाजाच्या चुंबकत्वाने फुटणारा चुंबकीय आणि धडकेने फुटणारा आघाती. चुंबकीय चाप वापरण्याचा मोह आरंभी आवरावा. जहाजाच्या तळाखाली स्फोट झाला तर एका टॉर्पेडोत मोठे जहाज मोडते, पण 1939-40 मध्ये हे चाप प्रत्यक्षातही दगा देत होते. नॉर्वेच्या मोहिमेत तर जर्मन कप्तान त्यांनी हैराण झाले होते. खेळात खवळलेल्या समुद्रावर ते अवेळी फुटतात. आघाती चाप निवडून खोली 3 ते 4 मीटर ठेवावी.

सोबत विनाशिका असेल तर टॉर्पेडो सोडल्याबरोबर पेरिस्कोप खाली घ्यावा आणि स्फोट पाहण्यासाठी थांबू नये. खोल जावे, 100 मीटर ओलांडल्यावर वेग 2 नॉटपर्यंत आणावा, शांत संचाराचा आदेश द्यावा आणि विनाशिकेकडे शक्यतो पाठ करावी, म्हणजे तिच्या ध्वनिशोधकाला पाणबुडीची बाजू सापडत नाही. शांत संचार चालू असताना टॉर्पेडो भरण्याचे आणि दुरुस्तीचे काम थांबलेले असते, हे विसरल्यामुळे कित्येक पाणबुड्या गळत्या अवस्थेत हळूहळू खाली जातात. विनाशिका डोक्यावरून डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, टाकत जाते, त्या गोंगाटात तिला स्वतःलाही काही ऐकू येत नाही. वेग वाढवून दिशा बदलण्याची वेळ तीच.

परतणे

शेवटचे दोन टॉर्पेडो वाटेत भेटणाऱ्या जहाजासाठी राखून, इंधन निम्म्याच्या खाली जाण्याआधी घराकडे वळावे. बंदरात मिळालेले रिनाउन पहिल्याच फेरीत नव्या पाणबुडीच्या आशेने साठवून ठेवण्यापेक्षा एका कुशल यंत्रज्ञावर आणि एका टॉर्पेडो-जाणकारावर खर्च करावे, कारण दमलेले खलाशी नळ्या भरायला फार वेळ घेतात. पदके देताना आधी थकवा लवकर चढणारी माणसे पाहावीत. जून 1940 मध्ये फ्रान्स पडल्यानंतर सातव्या फ्लोटिलाचा तळ सेंट नाझेर येथे जातो आणि अटलांटिक एकदम जवळ येतो; तोवर सात-सी या पुढच्या पाणबुडीसाठी पुरेसे गुण जमवण्याची घाई नसावी. जीडब्ल्यूएक्ससारखे मोड, म्हणजे चाहत्यांनी तयार केलेले फेरबदल, खेळ अधिक खडतर व अधिक भरलेला करतात, पण ते घालायचे तर नवे करिअर सुरू करावे. जुन्या करिअरवर ते चढवले तर जतन केलेला खेळ बिघडण्याची शक्यता असते. मोड न घालताही दुसऱ्या गस्तीला निघताना नकाशावरील जहाजांच्या खुणा बंद कराव्यात आणि लक्ष्यवेधाचे गणित मात्र तिसऱ्या किंवा चौथ्या गस्तीपर्यंत खेळाकडेच राहू द्यावे.