सायटिका: कळ थांबली म्हणजे बरं झालं असं नाही, या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात एक काकू आल्या. उजव्या चपलेला मागच्या बाजूने सायकलच्या ट्यूबचं रबर बांधलेलं. विचारलं तर म्हणाल्या, "चालता चालता निसटते हो, कळतच नाही. म्हणून नातवाने बांधून दिलं." दीड महिना कमरेपासून पोटरीपर्यंत ठणकत होतं, ते आठवड्यापूर्वी आपोआप थांबलं होतं. त्यामुळे काकू खूश होत्या आणि गोळ्याही बंद केल्या होत्या. मी त्यांना टाचांवर चालायला सांगितलं. डाव्या पायाचा पंजा वर राहिला, उजवा फटकन खाली आपटला.

मी चौदा वर्षं फिजिओथेरपी करते आहे. सायटिकात, म्हणजे कमरेत नस दबून पायात कळ उतरते त्या दुखण्यात, लोकांच्या हातून होणाऱ्या चुकांपैकी मला सर्वांत जास्त भीती या चुकीची वाटते. दबलेली नस आधी ओरडते. दाब वाढला की मुंग्या येतात, मग बधिरपणा, मग पायातली ताकद जाते, आणि या टप्प्यावर कळ कधी कधी कमी होते. पेशंटला वाटतं सुटलो. कळ ओसरताना पायाची ताकद आणि स्पर्श जागेवर असेल, तरच ते बरं होणं.

घरी रोज एकदा बघा. भिंतीला हात लावून दहा पावलं टाचांवर, मग दहा पावलं चवड्यांवर चाला. नंतर भिंतीला फक्त बोट टेकवून एकेका पायाच्या चवड्यावर पाच-सहा वेळा उठा. दोन पायांत फरक दिसला, चप्पल निसटायला लागली, पायरीला अंगठा अडायला लागला, तर पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट घेऊ नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

"मणक्यात गॅप आलाय"

दहातले आठ जण हेच वाक्य घेऊन येतात. मणक्यांच्या मधे गादी असते, बाहेर चिवट कडं आणि आत मऊ गर. कडं फाटून गर मागे सरकला की तो नसेच्या मुळाला टेकतो आणि तिथे सूज येते. सायटिकाच्या साधारण नव्वद टक्के पेशंटमध्ये कारण हेच असतं. गादी झिजली की एक्स-रेमध्ये दोन मणक्यांतली जागा उलट कमी झालेली दिसते. म्हणजे भरून काढायला गॅप नसतोच. पण त्या शब्दापायी लोक 'गॅप भरणारं' तेल आणतात, वर्षभर कंबरपट्टा बांधून बसतात आणि जन्मभर वाकायला घाबरतात.

एमआरआयच्या रिपोर्टचंही तसंच. 2015 मध्ये पाठ अजिबात दुखत नसलेल्या माणसांच्या स्कॅनचे अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले. विशीतल्या 30 टक्के आणि ऐंशीतल्या 84 टक्के लोकांत गादी फुगलेली दिसली. म्हणून रिपोर्टमध्ये 'बल्ज' वाचून हातपाय गाळू नका. रिपोर्ट तुमच्या पायाशी जुळतो का, ते बघायचं. गादी डावीकडे सरकलेली आणि कळ उजव्या पायात असेल, तर दुखण्याचं मूळ दुसरीकडे शोधायला हवं.

पाय काय सांगतो? सायटिकाची नस ही शरीरातली सर्वांत जाड नस, बोटाएवढी. कमरेच्या चौथ्या-पाचव्या आणि त्याखालच्या तीन मुळांपासून ती बनते, नितंबातून मांडीच्या मागे उतरते आणि गुडघ्याच्या वर तिला दोन फाटे फुटतात. पाचवं मूळ दबलं तर कळ पोटरीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या वरून अंगठ्याकडे जाते आणि पंजा उचलता येत नाही. त्याखालचं दबलं तर पोटरीच्या मागून करंगळीकडे जाते आणि चवड्यावर उठता येत नाही. खोकला, शिंक किंवा संडासला जोर केला की पायात वीज चमकते. डॉक्टरकडे जाल तेव्हा "पाय दुखतो" एवढंच म्हणू नका, कळ कुठून कुठे जाते ते बोटाने दाखवा.

खुबा झिजला असेल तर दुखणं जांघेत असतं आणि मांडी घालून बसणं जड जातं. दोन्ही तळपायांची आग होते ती बऱ्याचदा मधुमेहामुळे. वय झालेल्या माणसाला चालताना पाय भरून येतात आणि बसलं किंवा पुढे वाकलं की आराम पडतो, तेव्हा मणक्यातली नळी अरुंद झालेली असू शकते. नुसतं उभं राहूनच पोटरी मोकळी होत असेल आणि माणूस विडी-सिगारेट ओढणारा असेल, तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासून घ्याव्यात.

अंथरुणाला खिळणं

"पंधरा दिवस उठायचं नाही" हा सल्ला आजही घरोघरी मिळतो. नेदरलँड्समध्ये 183 पेशंटवर ही गोष्ट तपासली गेली, निष्कर्ष 1999 साली आले. दोन आठवड्यांनी झोपून राहिलेल्यांपैकी 70 टक्क्यांना बरं वाटत होतं, हिंडत्या-फिरत्यांपैकी 65 टक्क्यांना. हा फरक धरण्याजोगा नव्हता. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे 87 टक्के. झोपून फायदा काही झाला नाही. घरचे मात्र यात अडकतात, रोजंदारी बुडते, पाय आणखी अशक्त होतात. असह्य कळ असेल तर एक-दोन दिवस पडा. मग दर तासाला उठून पाच मिनिटं घरातल्या घरात चाला. पोक काढून तासन्‌तास बसणं आणि खड्ड्यांतून दुचाकी चालवणं मात्र नक्की टाळा.

नस ताणून मोकळी होत नाही

मोबाइलवर बघून पश्चिमोत्तानासन करणारे तरुण माझ्याकडे लंगडत येतात. चिडलेली नस पाय सरळ ठेवून पुढे वाकल्यावर आणखी ताणली जाते. पहिल्या काही आठवड्यांत हे आसन नको, वाकून पावलं धरणं नको. गादी सरकलेल्या बऱ्याच जणांना पालथं झोपून, मग कोपरांवर टेकून आराम पडतो. ते करताना पोटरीतली कळ वर सरकून मांडीत आली, मांडीतून कमरेत गोळा झाली, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी घाबरू नका. कळ वर सरकणं हे चांगलं लक्षण. उलट ती खाली पावलाकडे उतरली तर तो व्यायाम लगेच थांबवा.

पायाळू माणसाकडून कमरेत लाथ मारून घेणं, बिब्बा लावणं, हाड बसवणाऱ्याकडून कंबर 'कट्‌' करून घेणं, हे सगळं मी पाहिलं आहे. बिब्ब्याने कातडी भाजून फोड येतात. सरकलेल्या गादीला जोराचा झटका दिला तर दाब वाढू शकतो. बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नका, विशेषतः मधुमेह असेल तर, कारण चटका कळतच नाही. बिनलेबलच्या पुडीने 'दोन दिवसांत फरक' पडला तर तिच्यात स्टिरॉइड असू शकतं. दुखण्यावरच्या गोळ्याही स्वतःहून महिनोन्‌महिने घेऊ नका, मूत्रपिंडावर आणि पोटावर परिणाम होतो. 'नसेची गोळी' म्हणून दिली जाणारी प्रेगाबालिन 2017 च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत सायटिकासाठी साध्या साखरगोळीपेक्षा सरस ठरली नाही. चालू असेल तर मात्र एकदम तोडू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा.

ऑपरेशनबाबत दोन्ही टोकं बघते. कुणी दहाव्या दिवशी टेबलावर, तर कुणी पंजा लुळा पडला तरी "मणक्याला हात लावायचा नाही" म्हणून अडून बसलेलं. नेदरलँड्समधल्याच 2007 च्या अभ्यासात 283 पेशंट होते. लवकर ऑपरेशन केलेल्यांची कळ आधी गेली, पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांत सुमारे 95 टक्के बरे झाले होते. थांबलेल्यांपैकी 39 टक्क्यांना पुढे ऑपरेशन करावंच लागलं. ताकद शाबूत असेल तर सहा-आठ आठवडे थांबायला हरकत नसते. ताकद ढळत असेल तर थांबू नये.

लाजेपायी लपवलेलं लक्षण

मणक्याच्या खालच्या टोकाला नसांचा घोड्याच्या शेपटीसारखा झुपका असतो. मोठी गादी सरकून तो दबला तर लघवी अडकते किंवा नकळत होते, शौचावरचा ताबा जातो, दोन्ही पाय जड होतात आणि बसायच्या, लघवीच्या जागेवर स्पर्श कळेनासा होतो. बायका हे नवऱ्यालासुद्धा सांगत नाहीत, सासऱ्यांना विचारायची तर कुणाची हिंमत होत नाही. मी प्रत्येकाला स्पष्ट विचारते: लघवी झाल्याचं कळतं का? धुताना पाणी लागल्याचं कळतं का? उत्तर 'नाही' असेल तर रात्री दोन वाजले असले तरी मोठ्या रुग्णालयात जा. इथे तासांचा हिशेब असतो. उशीर झाला तर ताबा कायमचा जाऊ शकतो.

काकूंची लघवी व्यवस्थित होती. दुसऱ्याच दिवशी त्या स्पाइन सर्जनकडे गेल्या, त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. टाचेवर चालायला त्यांना पाच महिने लागले. उजवा अंगठा अजून डाव्याइतका वर उचलत नाही, पण चपलेचं रबर त्यांनी काढलं आहे.