लॉनवर खत पसरण्याआधी

काम सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरात काढा, पाऊस ओसरल्यावर. जुलैत टाकलेलं खत गवताऐवजी गटाराला मिळतं, आणि जानेवारीत मुंबईतलंही गवत सुस्तावलेलं असतं.

खताला तोटा नाही. 2016च्या घनकचरा नियमांपासून बऱ्याच मोठ्या सोसायट्यांत ओला कचरा आवारातच जिरवतात. पण ते खत पिकलेलं हवं. खड्डा भरला म्हणून उपसलं, की झालं खत, असं नसतं. काळं दिसतं म्हणूनही नसतं. मूठभर ओलसर खत झिपच्या पिशवीत कोंडा, तीन-चार दिवस सावलीत ठेवा, मग उघडून हुंगा. मातीसारखा वास आला तर पुढे जा. अमोनियाचा किंवा नासका भपकारा आला तर सगळं परत ढिगात. ढीग आतून गरम लागतोय? परत ढिगात. गेल्या वेळी पिशवीचं राहिलं आणि कोपरेच्या कोपरे पिवळे पडले. कच्चं खत कुजताना मातीतलं नत्र स्वतःच ओढून घेतं, वर अमोनियाने मुळं भाजतात. माळी म्हणेल, ‘चालतंय साहेब.’ पिशवी त्याच्यासमोर उघडा.

मग चाळायचं, वाळू चाळायच्या पाव इंची जाळीतून. करवंट्या, आंब्याच्या कोयी, फळांवरचे स्टिकर, रबरबँड, काय काय निघतं! खत ओलं असेल तर जाळीवर लगदा होतो, म्हणून आधी पसरून सुकवा. थर पाव इंचाचाच. 100 चौरस फुटांना साधारण 60 लिटर, म्हणजे 15 लिटरच्या चार बादल्या. ‘उरलंय तर टाका अजून’ म्हणणारा एक सभासद असतोच. त्याला चहाला पाठवा. गवताची पाती झाकली गेली की ती गुदमरतात.

लव्हाळा गाठीसकट खणून काढा, नुसता उपटला तर पुन्हा येतो. गवत नेहमीपेक्षा थोडं आखूड कापा, कातरण उचला. जमीन घट्ट झाली असेल तर बागकामाच्या काट्याने तीन-चार इंच खोल भोकं पाडा. लॉन पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर, असेल तर मात्र काटा जपून. खाली वॉटरप्रूफिंग आहे आणि त्याखाली लोकांच्या गाड्या. पाणी जायच्या जाळ्यांवर गोणपाट टाका.

आणि पिशवी हुंगलीत ना? खत दुसऱ्या खड्ड्यातून आलं असेल तर त्याचीही वेगळी पिशवी.

पसरणं सोपं. घमेल्याने छोटे ढीग, मग दाताळ्याच्या पाठीने सारखं, शेवटी खराटा, पात्यांची टोकं वर दिसेपर्यंत. पाणी झारीने, पाइपाचा झोत नको. पुढे माती ओलसर राहील इतकंच. दोन आठवडे क्रिकेट बंद, गवत कापायचं मशीनही बंद. उरलेलं खत कुंड्यांना.