ध्येय ठरवताना या चुका टाळा: पत्र्याच्या पेटीतल्या चिठ्ठ्या

लातुरात मी अकरा वर्षं अभ्यासिका चालवते. बेचाळीस खुर्च्या आहेत, त्यात बसणारी बहुतेक लेकरं चाकूर, रेणापूर, औसा, निलंगा इकडच्या खेड्यांतली. नवीन कुणी आलं की पहिल्या दिवशी मी एक कोरी चिठ्ठी देते. येत्या सहा महिन्यांत स्वतःमध्ये काय बदल करायचाय, तेवढं लिहायचं. नोकरी कोणती हवी ते लिहायचं नाही, ते मला न सांगताही कळतं. घडी घातलेली चिठ्ठी पत्र्याच्या पेटीत जाते. वर्षातून दोनदा पेटी उघडते, आणि ज्याची त्याची चिठ्ठी त्याच्या शेजारी बसून वाचते.

इतक्या चिठ्ठ्या वाचल्या की अक्षर बदललं तरी चूक तीच आहे हे चटकन दिसतं. दर वर्षी तेच. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

'नाही'ने संपणारी चिठ्ठी

ही सगळ्यात मोठी चूक. मोबाईल बघणार नाही. तंबाखू खाणार नाही. चिडणार नाही. टवाळक्या करणाऱ्या पोरांत बसणार नाही. पेटीतल्या बहुतेक चिठ्ठ्या अशाच. वाचायला बाणेदार वाटतात, पण सकाळी उठून करायचं काय हे त्यात कुठेच नसतं. शेतातलं तण उपटलं आणि वाफा तसाच मोकळा सोडला तर पंधरा दिवसांत तिथं पुन्हा तणच उभं राहतं. ही गोष्ट ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना समजावून सांगावी लागू नये. तरी सांगावी लागते.

चाकूर तालुक्यातला एक मुलगा होता. त्याची चिठ्ठी तीन शब्दांची: मोबाईल बघणार नाही. पोरगं शब्दाचं पक्कं. स्मार्टफोन बहिणीला देऊन टाकला आणि स्वतः बटणांचा फोन वापरायला लागलं. पंधरा दिवसांनी पडलेल्या चेहऱ्यानं माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. "फोन घरी ठिवला ताई, तरी बघायलोच."

का बघतोस, असं मी कधीच विचारत नाही. त्याचं उत्तर 'मन लागत नाही' हेच येतं आणि त्यातून काही हाती लागत नाही. मी विचारलं, "कधी बघतोस?"

त्यानं बराच विचार केला. मग म्हणाला, "डब्याला गेल्यावर."

त्याचा डबा गावाकडून एसटीनं यायचा. माय सकाळी भाकरी थापून, बियाण्याच्या कंपनीच्या कापडी पिशवीत डबा घालून गाडीत ठेवून द्यायची. पिशवीवर लाल दोऱ्यानं त्याचं नाव शिवलेलं होतं. गाडी एकला यायची म्हणायचं, पण कधी वीस मिनिटं उशीर, कधी चाळीस. तेवढा वेळ हा स्टँडवर रिकाम्या हातानं उभा, भुकेलेला, आणि शेजारी डब्यालाच आलेला मित्र फोन उघडून बसलेला. तिथं याची मान वळणारच. त्यात त्याचा दोष काहीच नव्हता. चिठ्ठीनं त्याला काय करायचं नाही एवढंच सांगितलं होतं, त्या चाळीस मिनिटांचं काय करायचं ते सांगितलंच नव्हतं.

आम्ही चिठ्ठी फाडून नवी लिहिली: 'डब्याला गेलो की फलाटाच्या कट्ट्यावर बसून कालच्या सराव पेपरात चुकलेले प्रश्न सोडवीन.' त्यासाठी खिशात मावेल एवढी एक वही केली. फोनचा उल्लेखही ठेवला नाही. दोन महिन्यांत त्याच्या अशा तीन वह्या भरल्या. एकदा गाडी वेळेवर आली तर 'दोनच प्रश्न झाले' म्हणून कुरकुरत आला. रात्रीचा मोबाईल सुटायला पुढं बराच काळ लागला, ते वेगळं प्रकरण होतं. पण दुपार सुटली.

हा नुसता माझा अनुभव नाही. स्वीडनमध्ये १,०६६ लोकांच्या नव्या वर्षाच्या संकल्पांचा वर्षभर माग ठेवला होता, त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये छापून आले. अमुक करायचं असा संकल्प केलेल्यांपैकी ५८.९ टक्के लोकांनी तो पाळल्याचं सांगितलं. अमुक टाळायचं असं ठरवलेल्यांत हाच आकडा ४७.१ टक्के होता. फरक आभाळाएवढा नाही, पण चिठ्ठीतली वाक्यरचना फिरवायला पैसा लागत नाही, मग तो फरक का सोडायचा? आणि 'अमुक झालं की तमुक करीन' या साच्यात ठरवलेलं काम जास्त पार पडतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी १९९० च्या दशकापासून प्रयोगांतून दाखवलं आहे. डब्याला गेलो की वही, हा तोच साचा.

राग येणाऱ्यांसाठीही मी हेच करते. 'चिडणार नाही' खोडायला लावते आणि 'आवाज चढला की उठून माठातलं पाणी पिऊन येईन' असं लिहायला लावते. माठ खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे. तो मुद्दाम तिथं ठेवलाय.

दुसऱ्याच्या हातातलं ध्येय

'भरतीत लागायचंय', 'पहिल्या दहात यायचंय'. जागा किती निघतील, पेपर कसा येईल, शेजारचा किती अभ्यास करील, यातलं काही आपल्या हातात नाही. चिठ्ठीत फक्त आपल्या हातातलं लिहावं. पाडव्याला सालगडी ठेवताना पैसे किती, धान्य किती, कामं कोणती हे बोलून घेतात. 'यंदा शेत चांगलं पिकव' एवढंच सांगून कुणी साल ठरवत नाही. स्वतःशी करार करतानाच आपण इतके मोघम का होतो, हे मला अजून उमगलेलं नाही.

बापाचं ध्येय पोराच्या अक्षरात

हे वाचताक्षणी ओळखू येतं. अशी चिठ्ठी मी परत देते.

एकदम सगळं, आणि तेही उद्यापासून

या चुकीत माझाही हात होता, म्हणून जरा सावकाश सांगते.

पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी आमच्याकडे आली. मुलींना मैदानी चाचणीत ८०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि गोळाफेक असते. ५० गुण मैदानाचे, १०० लेखी परीक्षेचे. तिनं चिठ्ठीत लिहिलं: पहाटे चारला उठणार, रोज पाच किलोमीटर पळणार, आठ तास अभ्यास, रोज एक जुना पेपर, इंग्रजीचे वीस शब्द, गोड बंद. तोवर ती आयुष्यात कधी ठरवून पळाली नव्हती. मला त्या चिठ्ठीचं इतकं कौतुक वाटलं की मी ती पेटीत टाकलीच नाही, सगळ्यांना दिसेल अशी भिंतीवर चिकटवली. बघा, याला जिद्द म्हणतात, असंही सगळ्यांसमोर बोलले.

आठ दिवस ती पळाली. डांबरी रस्त्यावर, कॅनव्हासच्या झिजलेल्या बुटांत. नवव्या दिवशी जिना चढताना कठडा धरून एक एक पायरी चढताना मी तिला पाहिलं. दोन्ही नडग्यांवर बोट लावलं तरी कळ जायची. मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, चौथ्या दिवसापासून. "मग थांबली का नाहीस?" तिनं भिंतीकडं बघितलं. चिठ्ठीकडं.

हाडाच्या डॉक्टरांनी सहा आठवडे पळणं बंद करायला सांगितलं. सवय नसलेल्या पायांवर रोज कडक रस्त्यावर भार पडला की नडगीच्या हाडाला मार बसतो, आणि दुखणं अंगावर काढलं तर हाडाला बारीक चीरही जाऊ शकते, हे मला तेव्हा कळलं. पाचव्या आठवड्यात तिच्या मैदानी चाचणीची तारीख आली. ती पट्टी बांधून गेली. ८०० मीटर पूर्ण झालं नाही.

त्या संध्याकाळी मी भिंतीवरची चिठ्ठी काढली. तेव्हापासून भिंतीवर कुणाचीच चिठ्ठी लागत नाही. चारचौघांत मिरवलेलं ध्येय मोडायची लाज वाटते आणि त्या लाजेपोटी माणूस दुखणं अंगावर काढतो. व्हॉट्सअपवर स्टेटस ठेवून संकल्प जाहीर करणाऱ्यांनाही मी हेच सांगते.

दुसरा नियम अर्ध्याचा. आपल्याला किती झेपेल असं वाटतं ते लिहायचं आणि पहिले पंधरा दिवस त्याच्या निम्मं करायचं. पाच किलोमीटर वाटत असेल तर अडीच, त्यातही निम्मं चालत. नवीन पोरांना हे अजिबात पटत नाही. "एवढ्यानं काय व्हतंय ताई?" हा प्रश्न मी दर जूनमध्ये ऐकते. त्यांना विचारते, तुझे वडील पहिल्या सरीवर सोयाबीन पेरतात का? ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल धरल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी बजावतं. घाई केलेल्यांवर दुबार पेरणीची वेळ येते आणि बियाण्याचे पैसे पुन्हा जातात. दुबार पेरणी काय असते हे ज्या घरानं सोसलंय त्या घरातलं पोरगं लगेच गप्प होतं.

मोठं ध्येय ठेवूच नये, असं मला म्हणायचं नाही. नेमकं आणि अवघड ध्येय असलं की माणूस जास्त काम करतो, हे एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून मांडलंय. पण ते काम करायची कुवत अंगात असली पाहिजे, हीही त्यांचीच अट आहे. लोक पहिला भाग ऐकतात आणि उठून पळायला लागतात.

एकवीस दिवसांचा हिशोब

'२१ दिवसांत सवय लागते' असं सांगणारे व्हिडिओ पोरं मला आणून दाखवतात. हे शॉर्टकट विकणारे लोक मला मनापासून खटकतात, कारण बाविसाव्या दिवशी लेकरू स्वतःलाच नालायक समजायला लागतं. हा आकडा साधारणपणे मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनपर्यंत जातो. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात, असं त्यांनी १९६० मध्ये लिहिलं होतं. पुढं त्यातलं 'कमीत कमी' गळालं आणि चेहराही गळाला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर १२ आठवडे अभ्यास केला. खाणं, पिणं किंवा व्यायाम यांतली एक नवी गोष्ट प्रत्येकानं रोज करायची होती. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं दिसलं, आणि माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक निघाला (बारा आठवड्यांपुढचे दिवस गणितानं काढलेला अंदाज). पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागली, व्यायामाला जास्त दिवस गेले. त्याच अभ्यासातली एक गोष्ट मी चिठ्ठीमागं लिहूनच देते: मधला एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. एक दिवस खाडा झाला की 'आता सगळंच गेलं' म्हणून आठवडाभर न फिरकणाऱ्यांसाठी ती ओळ आहे.

खुणा करायला ॲप लागत नाही. घरी भिंतीवर कालनिर्णय असतंच. दुधाचा हिशोब लिहितो त्याच चौकोनात कोपऱ्यात एक टिंब द्यायचं. मी स्वतः सहा वर्षं असंच करते, कारण दुधासाठी त्या पानाकडं रोज जावंच लागतं.

मुहूर्त

एक जानेवारी हुकली की पाडवा, पाडवा हुकला की जून. आज संध्याकाळी सुरू करा.

चिठ्ठी बदलायची लाज

सहा महिन्यांत माणूस बदलतो, घरची परिस्थिती बदलते, परीक्षेची तारीख पुढं जाते. चिठ्ठी मात्र तीच ठेवायची, हा हट्ट कशासाठी? पेटी उघडायचा माझा एक दिवस येळवसेनंतरचा, म्हणजे आमच्याकडच्या वेळ अमावास्येच्या सणानंतरचा असतो. येळवसेला अभ्यासिका बंद असते, सगळी लेकरं शेतात आंबील-भज्जी खायला गावी जातात. दुसऱ्या दिवशी परत येतात ती भरल्या पोटानं आणि जरा मोकळी होऊन. तेव्हा पेटी काढते, पेन्सिल देते आणि सांगते, जे खोडावंसं वाटतं ते खोडा.

नडग्या दुखावलेली ती मुलगीही पुढच्या येळवसेनंतर माझ्यासमोर बसली होती. मधल्या काळात ती गावी राहून आली होती. मी कोरी चिठ्ठी पुढं केली. तिनं लिहिलं: 'झाडलोट झाली की बूट घालून शाळेच्या मैदानापर्यंत चालत जाईन.' मैदान तिच्या खोलीपासून दहा मिनिटांवर आहे. मी विचारलं, "पळायचं कधी?"

"ते तिथं गेल्यावर बघते ताई," म्हणाली, आणि चिठ्ठीची घडी घालून स्वतःच पेटीत टाकली.