वर्णभेदाची गोष्ट मुलांना सांगताय? या चुका टाळा

शाळांचे फोन ठरलेले असतात. "ताई, दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदावर एक तास घ्याल? पस्तीस मिनिटांत बसवा आणि शेवटी तात्पर्य सांगा." पस्तीस मिनिटांत मी फार तर कांदेपोहे शिकवीन.

मी घेते ते पुस्तक बेव्हर्ली नायडू यांचं 'जर्नी टू जोबर्ग'. १९८५ सालचं, छोटंसं. १९९१पर्यंत दक्षिण आफ्रिकेत त्यावर बंदी होती. १३ वर्षांची नलेदी, ९ वर्षांचा टिरो, घरी आजारी तान्ही दिनेओ. आई ३०० किलोमीटरवर जोहान्सबर्गला, गोऱ्यांच्या घरी कामाला. पोरं तिला आणायला चालत निघतात. सहावी-सातवीला चार तास आरामात पुरतं.

आता चुका. पहिली म्हणजे वर्गात वर्णभेदाचं नाटक बसवणं. ही मी स्वतः केली आहे, म्हणून जरा तावातावाने सांगते. अर्ध्या वर्गाला लाल फिती बांधल्या, पुठ्ठ्याचे पास, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांना बाळगावी लागणारी ओळखपत्रं, वाटले, दारात दोन पोलीस उभे केले. मुलांना 'अनुभव' मिळेल अशी माझी कल्पना. पाचव्या मिनिटाला एका पोलिसाने मित्राचा पास टराटरा फाडला आणि वर्ग खो खो हसला. दहाव्या मिनिटाला चौघं भांडत होती, आता पोलीस मी होणार म्हणून. मागच्या बाकावरची एक मुलगी फीत सोडून गप्प बसली होती. तास संपल्यावर तिची मैत्रीण मला म्हणाली, "ताई, तिच्या आईला कामाच्या घरी कप वेगळा असतो. तिला नको होतं हे खेळायला." त्या दिवशी वर्ग एवढंच शिकला की पोलीस होण्यात मजा असते. ज्या मुलीला सगळं आधीच ठाऊक होतं, तिला मी पुन्हा रांगेत उभं केलं होतं.

तेव्हापासून नाटक बंद. मी त्या पासच्या पुस्तिकेत, पासबुकात, काय काय असायचं तेवढं फळ्यावर लिहिते: फोटो, बोटांचे ठसे, कराची नोंद, मालकाची सही. सोळा वर्षं पुरी झालेल्या प्रत्येक कृष्णवर्णीयाने ते सतत जवळ बाळगायचं. मग गप्प बसते. कुणीतरी हिशेब करतंच, "म्हणजे नलेदीला अजून तीन वर्षं."

दुसरी माझी आवडती चूक: मॅडमला, म्हणजे आईच्या गोऱ्या मालकिणीला, राक्षसीण करणं. पोरं एवढं अंतर तोडून आईपर्यंत पोचतात, आई निरोप ऐकते, आणि मॅडम म्हणते की आज संध्याकाळी नाही, उद्या जा. कारण काय, तर जेवणाची पार्टी. हे वाचताना शिक्षक आवाज चढवतात, डोळे वटारतात, आणि मुलांना वाटतं, बाई दुष्ट होती, चांगली भेटली असती तर प्रश्न मिटला असता. मी ते वाक्य भाजीचा भाव सांगावा तसं वाचते. ती ओरडत नाही, मारत नाही. तिला फक्त अडचण झाली आहे. आईला ती 'जॉइस' म्हणते. मुलांच्या तोंडी आई 'मा' असते. यावर वर्गात शांतता पसरते, आणि ती मोडायची घाई करू नका. "तुम्ही नलेदीच्या जागी असता तर?" हा प्रश्न तर त्या क्षणी अजिबात नको. मुलं हमखास "मी मॅडमला ठणकावून सांगितलं असतं" म्हणतात. नलेदीची आई का सांगत नाही, ते विचारा. नोकरी गेली तर शहरात राहायची परवानगीही जाऊ शकते, हे तिथे सांगायचं.

बाकीच्या चुका थोडक्यात. गांधीजींना रेल्वेतून उतरवलं ते १८९३ साल. ते आफ्रिका सोडून गेले १९१४ला आणि 'अपार्टहाइड', म्हणजे वर्णभेद, हे सरकारी धोरण झालं १९४८नंतर. दोन्हींची खिचडी करू नका. तिथल्या भारतीयांचं सांगायचंच असेल तर १९५०च्या वस्त्या वेगळ्या करणाऱ्या कायद्याने त्यांचीही घरंदारं हलवली, ते सांगा.

जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोत १६ जून १९७६ला पोलिसांनी शाळकरी मुलांवर केलेल्या गोळीबाराची छायाचित्रं दहा वर्षांच्या पोरांना दाखवू नका. पुस्तकात नलेदी-टिरोला रात्री घरी ठेवून घेणारी ग्रेस तो दिवस स्वतःच्या भावाच्या निमित्ताने सांगते, तेवढं पुरे.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा सारांश वाचून तास घेणार असाल तर घेऊच नका.

आणि मंडेलांचा फोटो लावून "मग १९९४ला सगळं ठीक झालं" असा शेवट करायचा मोह आवरा. पुस्तकाचाही शेवट तसा नाही. दिनेओ वाचते, पण डॉक्टर सांगतात, बाळाला दूध, फळं, भाज्या हव्यात. पैसे आणायचे कुठून, या काळजीत आई घरी येते. मागच्या वर्षी इथे एका मुलाने हात वर केला. "ताई, मग ती परत आजारी पडेल की."

"पडू शकते," म्हटलं. तास संपायला सात मिनिटं होती. ती त्यांना आपसात बोलायला दिली.